शहरातलं झाड सांभाळायचं, तर आधी खाली बघा

झाडांसाठी आपणही काहीतरी करावं असं वाटायला लागलं की बहुतेकांचा हात आधी रोपाकडे जातो. रोपवाटिकेतून रोप आणायचं, खड्डा खणायचा, फोटो काढायचा. त्यात वाईट काही नाही. पण नवख्या माणसाने सुरुवात तिथून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या कडेला किंवा इमारतीच्या आवारात एखादं मोठं झाड आधीच उभं असेल, तर पहिलं वर्ष त्याला द्या.

कारण साध्या हिशेबाचं आहे. ज्या झाडाचा पर्णसंभार १० मीटर रुंद आहे, ते सुमारे ७८ चौरस मीटर जमीन झाकतं. एक मीटर रुंदीचं रोप जेमतेम पाऊण चौरस मीटर झाकतं. म्हणजे ते एक झाड गेलं तर तेवढ्याच सावलीसाठी शंभर रोपं लागणार, आणि ती शंभरही जगली पाहिजेत. ‘एक तोडू, दहा लावू’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

आणि दुसरी गोष्ट. शहरातली झाडं फक्त कुऱ्हाडीने मरत नाहीत, बुंध्याभोवतीच्या जमिनीची वाट लागल्यानेही पुष्कळ मरतात. ते मरण इतकं सावकाश येतं की कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून झाड सांभाळणं म्हणजे मुख्यतः माती सांभाळणं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

१. एकच झाड निवडा

रोज ज्याच्याजवळून जाता असं झाड निवडा. लांबच्या बागेतल्या देखण्या झाडापेक्षा फाटकाजवळचं धुळकट झाड बरं, कारण तिथे तुमची रोजची नजर आहे.

ते कुणाच्या जागेत आहे हे आधी विचारून घ्या. पाणी घालायला आणि बुंध्याशी साठलेलं प्लास्टिक उचलायला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण फरशी काढणं, फांदी कापणं या कामांना बहुतेक शहरांत स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते आणि परवानगीशिवाय केलेल्या कामाला दंडही होऊ शकतो. तुमच्या शहराचा झाडांविषयीचा नियम एकदा वाचून काढा. कंटाळवाणा असतो, पण वाद झाला की तोच कामाला येतो.

मग मोजमाप. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीपाशी, शिंप्याची टेप खोडाभोवती गुंडाळा. आलेल्या घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. घेर १५७ सेंटीमीटर असेल तर व्यास ५० सेंटीमीटर. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. दर हंगामात एकाच जागेवरून एक फोटो काढा. पालवी कधी फुटली, पानगळ कधी झाली, कुठल्या बाजूच्या फांद्या विरळ दिसतात, एवढं टिपलं तरी पुरे. नोंद नसली तर ‘यंदा झाड जरा उतरल्यासारखं वाटतंय’ या बोलण्याला काही आधार राहत नाही.

२. मुळं कुठे असतात ते समजून घ्या

वर जेवढं झाड तेवढंच जमिनीत खोल, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे. झाडाची पाणी आणि अन्नद्रव्यं शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या ३० ते ६० सेंटीमीटर मातीत असतात. कारण मुळांनाही श्वास लागतो आणि हवा वरच्या थरात खेळते. ती पसरतात मात्र लांबवर. मोकळी जमीन मिळाली तर पर्णसंभाराच्या कडेच्याही पुष्कळ पलीकडे जातात.

आता हे डोक्यात ठेवून तुमच्या झाडाच्या पायाशी उकिडवे बसा आणि खोड जमिनीला कुठे मिळतं ते नीट बघा. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ फुगत जातो आणि तिथून जाड मुळं चारी बाजूंना उतरताना दिसतात. तुमच्या झाडाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलं असेल, तर तो फुगवटा मातीखाली, डबराखाली किंवा फरशीखाली गाडला गेलाय. सालीवर कायम ओली माती राहिली की ती कुजते आणि बुरशीला वाट मिळते. हाताने किंवा छोट्या खुरपीने वरची माती हळूहळू बाजूला करत जाड मुळं दिसेपर्यंत जा. त्यात केसासारखी बारीक मुळं लागली तर ती गाडलेल्या खोडालाच नंतर फुटलेली असू शकतात. घाई नको. कुदळ तर अजिबात नको.

बुंध्याला चिकटून सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर ते हटवण्यासाठी अर्ज करा. परवानगी मिळाली की निदान एक मीटरची मोकळी जागा सगळ्या बाजूंनी मागा. काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. मजूर पहारीने एका घावात फरशी उचकटतो आणि तिच्याबरोबर मनगटाएवढं मूळही सोलून निघतं. त्याला दोष देऊ नये. मूळ वाचवायचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोकळ्या केलेल्या जागेवर ५ ते १० सेंटीमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या तुकड्यांचा थर पसरा. शक्यतो त्याच झाडाची पानं वापरा. फक्त खोडापासून वीतभर अंतर सोडा. थर सालीला टेकता कामा नये. पाचोळ्याने ओल टिकते, जमीन तापत नाही, गांडुळं येतात आणि पायांनी तुडवून घट्ट झालेली माती हळूहळू भुसभुशीत व्हायला लागते. एवढ्या फुकट गोष्टीला आपण रोज झाडून, गोळा करून, पेटवून देतो. बुंध्याशी पाचोळा जाळणं तर दुहेरी नुकसान आहे: खत गेलं ते गेलंच, शिवाय आचेने सालीखालचा जिवंत थर भाजतो, आणि त्याची जखम सालीवर दिसायला कधीकधी वर्ष जातं.

या जागेत काय येता कामा नये? गाड्यांची चाकं, वाळू-विटांचे ढीग, सिमेंट कालवून उरलेलं पाणी, साबणाचं पाणी, फरशी पुसलेलं रसायन. सिमेंटच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोहासारखी द्रव्यं जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाहीत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक अशा वेळी खत घालतात. खताने ते सुटत नाही.

बुंध्याभोवती बसायला गोल कट्टा बांधून आत माती भरण्याची हौसही मोठी असते. दिसायला छान, झाडाला वाईट. जुन्या मुळांवर अचानक हातभर माती आली की त्यांची हवा तुटते.

३. झाडाला गुंडाळलेलं सोडवा

हे काम एका सुट्टीच्या सकाळी होतं आणि फरक लगेच कळतो. खोडाला बांधलेल्या तारा, केबल, नायलॉनची दोरी, फलक, दिव्यांच्या माळा, गंजलेलं संरक्षक पिंजऱ्याचं कडं. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून मुळांकडे उतरतं. खोड दरवर्षी जाड होतं, तार होत नाही. ती आत रुतत जाते आणि एक दिवस तो प्रवाहच आवळला जातो. तारेच्या वरच्या बाजूला खोड फुगलेलं आणि खालच्या बाजूला बारीक दिसलं, तर हे सुरू झालेलं आहे असं समजा.

पकडीने तार जिथे मोकळी आहे तिथे तोडा आणि सहज निघेल तेवढीच काढा. लाकडात पूर्ण गिळलेला भाग ओढू नका. खिळ्यांचंही तेच: कालचा खिळा उपसून काढा, पण दहा वर्षांपूर्वीचा, ज्याच्यावर साल चढली आहे, तो राहू द्या. तो उकरून काढताना होणारी जखम खिळ्यापेक्षा मोठी असते. विजेची वाहिनी असेल तर मात्र हात न लावता वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा.

४. पाणी

जुनं झाड रोजच्या पाण्यावर जगत नाही. त्याला पाणी लागतं ते लांबलेल्या कोरड्या काळात, तेही क्वचित पण भरपूर. खोडाच्या बुडाशी पाइप सोडून देण्यात अर्थ नाही. पिणारी मुळं तिथे नसतात. पर्णसंभाराच्या कडेखाली, जिथे मोकळी जमीन सापडेल तिथे, पाणी सावकाश मुरू द्या.

किती द्यायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसा. सहज १५ सेंटीमीटर आत गेला आणि टोकाला ओलसर माती चिकटून आली, तर आज पाणी नको. आत जातच नसेल तर द्या. ही चाचणी आवर्जून करा, कारण पाणी कमी झालं तरी पानं मलूल होतात आणि जास्त झालं तरी होतात. पाणी साचून मुळं गुदमरलेल्या झाडाला आणखी पाणी घालून मारणारे प्रेमळ लोक पुष्कळ आहेत.

खताबद्दल दोनच ओळी. पाचोळा असेल तर मोठ्या झाडाला सहसा वेगळं खत लागत नाही. आजारी झाडाला खत हे औषध नाही.

५. छाटणी: काय करायचं नाही हे आधी शिका

शहरी झाडांचं फार मोठं नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या छाटणीनेही होतं, म्हणून इथे जरा थांबू.

माणसाची जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं. कुजलेलं लाकूड झाड पुन्हा बरं करत नाही; ते त्या भागाभोवती रासायनिक आणि भौतिक भिंती उभ्या करतं, तो भाग कोंडून टाकतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड वाढवतं. हे मांडलं अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठून कुठे जाते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये या भिंतींचं चित्र प्रसिद्ध केलं. त्याआधी फांदी खोडाशी अगदी सपाट कापायची आणि वरून डांबर किंवा रंग फासायचा, ही शिकवण होती. शिगोंच्या कामाने दोन्ही गोष्टी मोडीत निघाल्या. तरी आजही कापलेल्या फांदीवर गेरू नाहीतर ऑइलपेंट लावलेला सर्रास दिसतो. त्याने कूज थांबत नाही. उलट आत ओल कोंडून राहू शकते.

आता फांदी जिथे खोडातून निघते ती जागा जवळून बघा. वरच्या बाजूला, फांदी आणि खोडाच्या बेचक्यात, सालीची एक खडबडीत, काळसर, उंचावलेली रेघ दिसेल. खालच्या बाजूला फांदीच्या मुळाशी किंचित फुगीर कडं दिसेल. काही झाडांत ते ठळक असतं, काहींत बोट फिरवल्यावरच जाणवतं. हे कडं खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही, आणि कूज अडवणारी यंत्रणा तिथेच आहे. काप या कड्याच्या लगेच बाहेर यायला हवा. कडं कापलं तर खोड उघडं पडतं. उलट, हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि झाडाला त्याच्यावरून साल चढवता येत नाही. नीट कापलेल्या जागेभोवती पुढच्या वर्षी गोल, एकसारखी नवी साल वळताना दिसते. चुकीच्या कापाभोवती ती लांबट किंवा एकाच बाजूला येते. रस्त्यावरची जुनी झाडं या नजरेने बघायला लागा. छाटणी करणाऱ्याचा हात कसा होता हे कळायला लागेल.

मनगटाएवढ्या जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली. फांदी गळून पडते, आणि खालच्या कापामुळे तिच्याबरोबर खोडाची साल फाटत येत नाही. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट कड्याबाहेर साफ काढायचा. धारदार करवतच वापरा. कोयत्याने तोडलेली फांदी म्हणजे चेचलेली जखम.

एका वर्षात जिवंत पर्णसंभाराच्या पाव भागाहून जास्त कधीच काढू नये, आणि जुन्या झाडाचा तर त्याहून पुष्कळ कमी. पानं म्हणजेच झाडाची कमाई. शेंडा सपाट उडवण्याची, सगळ्या मोठ्या फांद्या अर्ध्यावर तोडण्याची जी पद्धत दिसते ती निव्वळ अत्याचार आहे. ‘हलकं केलं, आता पडणार नाही’ असं सांगितलं जातं. होतं उलटं. घाबरलेलं झाड तोडलेल्या टोकांजवळून भराभर लांब, सरळ फोक फेकतं. हे फोक फक्त वरच्या थराला धरून असतात आणि त्यांच्याखाली लाकूड कुजत असतं. काही वर्षांनी तेच फोक फांद्यांएवढे जड होतात आणि वाऱ्यात सुटून येतात. थोडक्यात, पैसे देऊन धोका विकत घेतला जातो.

तुम्ही स्वतः काय करायचं? जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढ्या वाळक्या, मोडक्या, बोटाएवढ्या फांद्या, त्याही परवानगी लागत असेल तर ती घेऊन. शिडीवर चढून करवत चालवायची नाही. वीजतारेजवळच्या फांदीला तर कोरड्या बांबूनेही स्पर्श करायचा नाही. बाकीचं काम प्रशिक्षित माणसाचं. त्याला नेमण्याआधी दोन प्रश्न विचारा: ‘शेंडा छाटाल का?’ आणि ‘कापावर काय लावाल?’ पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘रंग’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निरोप द्या. तिसरी गोष्ट, जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्यालाही थांबवा. प्रत्येक पावलाला एक भोक पडतं. आणि कामाच्या दिवशी आधी घरटी बघा. अंडी-पिल्लं असतील तर काम पुढे ढकलता येतं.

६. धोका ओळखणं

ढोली दिसली की झाड पडणार, असं नसतं. खोडाची ताकद बहुतांशी बाहेरच्या कवचात असते आणि आतून पोकळ झाडं दीर्घकाळ उभी राहतात. ढोलीत काँक्रीट भरण्याची जुनी रीत आता सोडून दिली गेली आहे: झाड वाऱ्यात वाकतं, काँक्रीट वाकत नाही, आणि दोघांच्या घासण्यात झाड हरतं. ढोली तशीच राहू द्या. तिच्यात घुबड, पोपट, वटवाघूळ राहायला येतं, तो वेगळाच फायदा.

खरी काळजी करायची ती या गोष्टींची: बुंध्याशी किंवा मुळांवर उगवलेली कडक, कपाटाच्या फळीसारखी अळंबी, खोडाच्या एका बाजूला जमिनीत नव्याने पडलेली भेग किंवा वर उचललेली माती, आधी सरळ असलेलं आणि हल्लीच कललेलं झाड, दोन जाड खोडं अरुंद बेचक्यात एकमेकांना चिकटून वाढत असतील आणि मधे साल आत ओढली गेली असेल तर त्या सांध्यातली चीर. जन्मापासून तिरकं वाढलेलं झाड सहसा त्या तोलाला साजेसं लाकूड तयार करतं; नव्याने तिरकं झालेलं झाड मुळं सोडत असतं. यातलं काही दिसलं की फोटो, तारीख आणि ठिकाण देऊन लेखी कळवा आणि खालून लोकांची ये-जा थांबवा. तुमच्या नोंदीत जुने फोटो असतील तर ‘हे कलणं नवं आहे’ हे सिद्ध करायला ते पुरतात.

७. शेजारी बांधकाम निघालं तर

इथे मघाचा व्यास कामी येतो. ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी एक मानक वापरतात: खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ हे त्या झाडाच्या मुळांचं राखीव क्षेत्र. ५० सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला म्हणजे ६ मीटर, चारी बाजूंनी. फूटपाथवर झाडाभोवती सोडलेला हातभर चौकोन आणि हे वर्तुळ यांची मनातल्या मनात तुलना करून बघा.

काम सुरू व्हायच्या आधी या वर्तुळावर पक्कं कुंपण घालायला लावा. नंतर नाही, जड यंत्र एकदा फिरून गेलं की माती दाबली जाते आणि पुन्हा मोकळी करणं फार अवघड असतं. खोडाला गोणपाट गुंडाळून ‘झाड सुरक्षित केलं’ असं दाखवतात, ते फसवं आहे. पाइप किंवा केबलसाठी चर खणायचा असेल तर तो वर्तुळाबाहेरून न्यावा, नाहीतर मुळांच्या खालून आडवं भोक पाडून न्यावा. एका बाजूने खोडालगत चर गेला की त्या बाजूची सगळी मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्यापासून वाळायला लागतं, किंवा एका वादळात चराच्या उलट बाजूला आडवं होतं, आणि तेव्हा चर कुणालाच आठवत नाही.

८. झाडाची किंमत आकड्यांत मांडा

इमारतीच्या बैठकीत ‘पानं पडतात, पाखरं घाण करतात, काढून टाका’ म्हणणाऱ्याला कविता ऐकवून उपयोग नसतो. आकडे ऐकवा.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे जवळजवळ ०.६८ युनिट. मोठं झाड, मुळांना पाणी असेल तर, उन्हाच्या दिवसात शंभर लिटर पाणी सहज पानांतून सोडतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता हवेतून आणि पानांवरून उचलली गेली. दीड टनाचा एसी साधारण तेरा तास पूर्ण ताकदीने चालला तर तेवढी उष्णता काढतो. झाड उघड्यावर असतं, त्यामुळे रस्ता काही खोलीसारखा गार होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावं. पण एसी ती उष्णता बाहेर रस्त्यावरच फेकतो, हेही सांगावं.

पाऊस: आपल्या ७८ चौरस मीटरच्या पर्णसंभाराने सरीचा पहिला एक मिलिमीटर जरी अडवला, तरी ७८ लिटर पाणी गटारापर्यंत लगेच पोचत नाही.

आरोग्य: रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अजूनही सगळीकडे सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, म्हणजे अभ्यास लहान होता; त्याला ब्रह्मवाक्य करू नये.

पैसे: अमेरिकेच्या वनसेवेने इतरांच्या साथीने २००६ मध्ये ‘आय-ट्री’ नावाची मोफत संगणकप्रणाली आणली. झाडाची जात, घेर आणि ठिकाण भरलं की झाडाने साठवलेला कार्बन, अडवलेलं पाणी वगैरेचा अंदाज देते. सगळ्या प्रदेशांना ती सारखीच लागू पडत नाही, पण पद्धत समजायला उत्तम. लंडनमध्ये वेगळी पद्धत वापरतात. तिच्यानुसार २००८ मध्ये बर्कली स्क्वेअरमधल्या ‘प्लेन’ नावाच्या (चिनाराच्या जवळच्या) एका झाडाची किंमत साडेसात लाख पौंड काढली गेली होती. अशा किमतीचा उपयोग झाड विकायला नसतो, तर ज्याने ते मारलं त्याच्याकडून भरपाई मागायला असतो.

जाता जाता: मेलबर्न शहराने २०१३ मध्ये आपल्या झाडांना ई-मेल पत्ते दिले, मोडलेल्या फांद्यांची तक्रार लोकांना सोयीने करता यावी म्हणून. लोकांनी तक्रारी सोडून झाडांनाच पत्रं लिहायला सुरुवात केली. प्रशासनाला हे अपेक्षित नव्हतं, पण लोकांचा झाडांवर किती जीव आहे ते त्यातून दिसलं.

९. आता रोप लावा

वर्षभर एक झाड सांभाळलंत, तर रोप लावताना बहुतेक चुका तुमच्याकडून होणारच नाहीत. तरी थोडं.

आधी वर बघा, मग खाली, मग बाजूला: तारा, पाइप, भिंत. पूर्ण वाढलेल्या झाडाला लागेल तेवढी जागा नसेल तर लहान जात निवडा. मोठी जात लावून जन्मभर छाटत बसू नका. आसपास सगळी एकाच जातीची झाडं असतील तर दुसरी जात घ्या. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेला नियम सोपा आहे: शहरात एका जातीची झाडं १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची (म्हणजे अशा प्रजातींच्या मोठ्या गटाची) ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. एल्म झाडांच्या रोगाने युरोप-अमेरिकेतले रस्तेच्या रस्ते ओकेबोके झाले, त्यामागे हीच एकसुरी लागवड होती.

फार उंच रोपाच्या मोहात पडू नका. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. पिशवी पूर्ण फाडून काढा, मुळं बोटांनी सोडवा, जी सुटत नाहीत ती उभी कापा. तशीच लावली तर काही वर्षांनी तीच मुळं खोडाला फास लावतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण गोळ्याएवढाच खोल. बुंध्याचा फुगवटा जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर राहिला पाहिजे. निघालेली मातीच परत भरा, पायाने ठोकू नका, पाण्याने बसू द्या. मेलेल्या झाडाच्या जागी लावत असाल तर जुन्या बुंध्यापासून मीटर-दोन मीटर सरकून लावा आणि जुनं झाड मुळांच्या बुरशीने गेलं असेल तर वेगळी जात निवडा.

भोवती आळं करा, पाचोळा घाला, पहिली दोन-तीन वर्षं स्क्रू-ड्रायव्हरची चाचणी करत पाणी द्या. काठीचा आधार वाऱ्याने रोप उपटत असेल तरच द्यावा. बांधायला तारेऐवजी कापडाची रुंद पट्टी घ्या, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, सैल. खोड थोडं हललं पाहिजे, त्या हलण्यानेच ते जाड होतं. आणि वर्षभराने ती काठी आणि पट्टी आठवणीने काढून टाका.